वाकडी खोली

दीक्षा : बाबा, पाय वर घ्या. खुर्चीखाली पुसायचं राहिलं.

पुंजाजी : सकाळी पुसलं ना पोरी! येऊन बसली तशी पुसूनच राह्यली तू. इतली घासपूस तं मी माह्या लग्नात नव्हती केली.

दीक्षा : आईनं केली असेल तुमच्या वाटची. गजेंद्रभाऊ म्हणाले, घर लख्ख दिसलं की गिऱ्हाईक पहिल्या पावलाला खूश होते.

पुंजाजी : त्याले दलाली भेटनार हाय. त्याले तं उकिरडा बी लख्ख दिसंन.

दीक्षा : भिंतीवरचे फोटो पण उतरवा म्हणत होते.

पुंजाजी : बुद्ध अन् बाबासाहेब आखरीच्या दिवशी उतरतीन. माह्या मांडीवर बसून अमरावतीले येतीन. त्याच्या आंदी नाई.

दीक्षा : मी तेच सांगितलं त्यांना.

पुंजाजी : सांगतलं? मंग पोरगी माहीच हाय.

दीक्षा : हसू नका बाबा. दोन गिऱ्हाइकं परत गेली. माझ्या खालचा फ्लॅट तो माणूस तुमच्यासाठी अडवून ठेवून कंटाळला. हे घर विकलं नाही तर तो जाईल दुसऱ्याला. मग मी तिकडं दवाखान्यात ड्युटीवर, अन् तुम्ही इकडं अकोल्यात एकटे. मागं मोरीत पडले तेव्हा शेजारच्या खुर्शीदचाचीला आवाज गेला म्हणून बरं.

पुंजाजी : घरात काय खोट हाय? गिऱ्हाईक घराले नाई भेले. त्या निंबाले भेले.

दीक्षा : तेच म्हणते ना मी. झाड शेजाऱ्यांचं अन् फांदी आपल्या स्लॅबवर. पानं, निंबोळ्या, वरून कावळे. कोण घेईल असं? म्हणून आज फांदी तोडायला माणूस बोलावला. घर पाहायला त्या नव्या मॅडम दुपारी येणार, त्याच्या आधी मोकळं होऊन जाईल.

पुंजाजी : भाभीले इचारलं?

दीक्षा : सकाळीच. एका शब्दात हो म्हणाल्या.

पुंजाजी : हो म्हनतीनच. नाई म्हनाचं त्याइले येते कुठी! हे घे, नाव काढलं अन् भाभी भिंतीवर हजर.

खुर्शीदबी : दीक्षा बेटा, झाडवाला आला का? आमच्या पोराची, शाकीबची शिडी घे म्हनावं. आमची लंबी हाय.

पुंजाजी : भाभी, शिडी देऊन राह्यल्या तं त्या शाकीबच्या खोलीचा कोपरा बी घासून द्या. माह्या गिऱ्हाइकाले इथून दिसते. एका खोलीत दोन कोपरे जास्तीचे! तुमचा मिस्तरी काय नागपुरी संत्रा दारू पिऊन आलता?

खुर्शीदबी : घ्या, झाले सुरू! खोली बांधली तसं हेच ऐकून राह्यली मी. शाकीबचे अब्बा तं म्हनते, पुंजाजी आज बोलला नाई, तब्येत पाहून ये.

दीक्षा : पण खरंच चाची, ती वाकडी कशी झाली? तुमच्या सूनबाई, माहेनूरभाभी सांगत होत्या, त्यांचा पलंग भिंतीला लागतच नाही. मधेच तिरपा टाकावा लागते.

खुर्शीदबी : जाऊ दे बेटा. पुरानी बात हाय.

दीक्षा : सांगा ना. आता आम्ही चाललो. मग कोण विचारणार तुम्हाला?

खुर्शीदबी : काई मोठं नाई त्याच्यात. भिंत सीधी काढली असती तं निंब तोडा लागला असता. मंग वळवली.

पुंजाजी : मंग तोडाचा ना! झाड तुमचं, जागा तुमची. पोराच्या लग्नाची खोली तं चांगली झाली असती.

खुर्शीदबी : अन् केशरबाई?

पुंजाजी : केशरचं काय?

खुर्शीदबी : भाऊ, तवा ते मांगच्या खोलीत पडून होती ना. कूलर लावला की खोकला, बंद केला की तगमग. मे महिना, आपल्या अकोल्याचा. त्या खोलीवर सावली कोनाची होती? मिस्तरीनं सुतळी बांधली, मजूर कुऱ्हाड घेऊन उभा. शाकीबच्या अब्बानं इचारलं, भिंत वळवता येते का? मिस्तरी म्हने, येते, पन लोक हासतीन. हे म्हनले, हासू दे.

दीक्षा : आईला माहीत होतं?

खुर्शीदबी : तिले सांगतलं असतं तं तिनंच उठून कुऱ्हाड घेतली असती. माह्यापायी पोराची खोली काहून बिघडवता, म्हनून भांडली असती. तुले मालूम नाई का तुही माय?

दीक्षा : बाबा... बाबा, पाणी देऊ का?

पुंजाजी : नको. मी बरा हाव.

दीक्षा : आई कधी काही म्हणाली होती का?

पुंजाजी : ते रोज म्हने, आज हवा बरी हाय. बाहेर अंगार, अन् ते म्हने हवा बरी हाय. मले वाटे, मले धीर देऊन राह्यली.

खुर्शीदबी : नाई भाऊ. बरीच होती हवा.

पुंजाजी : भाभी, तुमी तोंडानं एक शब्द काढला नाई.

खुर्शीदबी : तुमी काढला का? लाइनमन होते तवा रातपाळी करून यायचे, अन् आमच्या घरची लाइट गेली की डबा तसाच ठेवून खांबावर चढायचे. त्याचं कवा बोलले तुमी? सोडा आता. केशरबाई नाई राह्यली, तुमी चालले. फांदी तोडा, सौदा होऊ द्या. रातभर भिंतीले कान लावून निजते मी, भाऊ पडले तं नाई म्हनून. मले बी झोप लागू द्या.

पुंजाजी : दीक्षा, त्या झाडवाल्याले फोन...

दीक्षा : हॅलो, भाऊ? नका येऊ आज. नाही, दुसऱ्याला नाही दिलं काम. फांदी राहू द्यायची आहे. हो, पक्कं.

पुंजाजी : गिऱ्हाईक गेलं तं?

दीक्षा : दुसरं पाहू. आईच्या सावलीवर आरी चालवून मला झोप लागणार आहे का तिकडं?

(दाराची कडी वाजते.)

माया : मी माया. पातूरहून आले, शाळेत शिकवते. गजेंद्रभाऊ गाडी लावून येत आहेत. भर उन्हातच आले मुद्दाम, सकाळी काय सगळीच घरं थंड असतात. अरे वा! किती बरं वाटलं आत. कूलर कुठं आहे? आवाज नाही येत.

पुंजाजी : कूलर बंद हाय बाई. हे शेजाऱ्याच्या निंबाची सावली हाय. आंदीच सांगतो, झाड आमचं नाई. ते ठेवाचं का नाई, त्याइची मर्जी, मी काई लिहून देऊ शकत नाई. पानं पडतीन, निंबोळ्या पडतीन, रोज झाडू मारा लागंन. आमाले त्यानं लय सुख देलं, इतलंच सांगू शकतो.

माया : मग घर नंतर पाहू काका. आधी शेजार दाखवा.

खुर्शीदबी : या ना मॅडम! चाय मांडलीच हाय.

पुंजाजी : चला. ते समोरची खोली जराशी वाकडी दिसंन तुमाले. आमच्यापायी वाकडी हाय.