सुगतच्या साइटी

सुगत गेला त्या दिवशी इंटरनेटवरच्या आमच्या साऱ्या साइटी चालू होत्या. दर्यापूर रोडवर त्याच्या गाडीले ट्रक लागला. सुगत माहा लहान भाऊ.

आमी मूळचे दर्यापूरचे. बाबा शाळेत शिपाई होते, त्यायनं आमाले पुस्तकं वाचाले लावली, म्हून मी मराठीत एम. ए. झाली. पन काय सांगू तुमाले, त्या वर्षांत कपाशी पिकत नव्हती आन् जे पिकलं त्याले भाव नव्हता, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाई तं गावातल्या दुकानात नाई, आन् मराठीवालीले नोकरी कोन देते? मंग सुगतनं अकोल्यात एका खोलीत कॉम्प्युटर मांडला. म्हने ताई, शब्द तुह्याकडे हायेत, साइटी मी बनवतो.

एक साइट कपाशीची, एक तुरीची, एक संत्र्याची, फवारनीची येगळी, अशा लय. साऱ्या एकमेकीचं नाव घेत, हिच्यावरून तिच्यावर जा म्हनत. मोबाइलवर लोकं ज्याच्यात शोधतात त्या सर्चले वाटे, एवढ्या जनी हिचं नाव घेतात तं ही साइट मोठी असन, आन् ते आमाले वर आने. दर्यापूरच्या स्टँडवर जीपवाला पह्यले आपलेच मानसं बसवून ठेवते ना, म्हंजे खऱ्या सवारीले वाटलं पाहिजे का जीप भरली, आता सुटते, तसंच हे. वर आलो का लोकं येत, लोकं आले का जाहिराती मिळत, त्याच्यात घर चाले.

माहं काम, एकच गोष्ट दर साइटीवर येगळ्या शब्दांत लिहाची. मी लिहिलं, कपाशीची पाने लाल का पडतात. सुगत हासला. म्हने मास्तरीनबाई, इथं असं कोन विचारते? काहून लिह, काहून. ज्या काहूनसाठी मी शाळेत छड्या खाल्ल्या त्यानंच लोकं यायले लागले, कारन मोबाइलवर मानूस बोलते तसंच टाइप करते. उत्तर मात्र सुगत हिवरखेडकडच्या शेतकऱ्यायले विचारून, त्यायच्या वावरात उभा राहून आने. थंडीनं पान लाल झालं असन तं सरळ लिहे, औषध मारू नका.

तो गेला आन् काही महिन्यांत सर्चनं आमाले ओळखलं, एकाच घरच्या साइटी म्हून साऱ्या खाली ढकलल्या. नातेवाईक म्हने, फसवाफसवीचं असंच होते. मी त्यायले दरवाजा दाखवला.

मंग अमरावतीहून एक औषधवाले भाऊसाहेब आले. मॅडम, कपाशीची साइट मले देऊन टाका, सर्चचं मी पाहून घेतो, सुगतभाऊचं नाव, फोटो तसाच राहीन, लोकायचा भरवसा हाये त्यायच्यावर, फक्त दर उत्तराखाली आमची बाटली. मी म्हटलं, थंडीनं लाल झालेल्या पानाखाली बी? म्हने, लाल, पिवळ्या, साऱ्याच. मी नाई म्हटलं तं हासले. म्हने तुमच्या भावानं काय येगळं केलं, खोटी गर्दीच जमवली ना? जमवली, मी म्हटलं, आन् आलेल्या एकालेही खोटं नाई सांगितलं. च्या संपवा आन् निघा.

बाकीच्या साइटी मी बंद पडू देल्या. कपाशीची ठेवली. सर्चमध्ये ती कुठंच दिसत नाई. ज्यायले पत्ता पाठ हाये ते अजून विचारतात, आन् उत्तर आनाले आता वावरात मी जाते.