चुडाव्याच्या मागच्या खोलीतली लाईट

जबाब
दिनांक २४/१०/२०२५

मी, नागेश लिंबाजी वाव्हळे, वय ३९ वर्षे, शिक्षण आयटीआय (वायरमन), व्यवसाय मोटार रिवाइंडिंग व लाईट फिटिंग, राहणार मानवत, ता. मानवत, जि. परभणी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी राहतो व बसस्टँड रोडला माझे दुकान आहे. राजेश्री सिद्धोधन खिल्लारे, वय ४६, ही माझी थोरली बहीण. ती चुडावा येथे राहत होती व जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवीत होती. तिचे पती सिद्धोधन खिल्लारे, वय ५१, हे पूर्णा येथे एका ग्रंथालयात लिपिक आहेत. मी त्यांना दाजी म्हणतो. त्यांना मूलबाळ नाही. आमची आई मी सात वर्षांचा असताना वारली. त्यानंतर मला राजेश्रीने वाढविले.

मागील वर्षी राजेश्रीला छातीचा कॅन्सर निघाला. या वर्षी जानेवारीत तो पाठीच्या मणक्यात गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले व घरी ठेवण्यास सांगितले. दुखण्यासाठी छत्रपती संभाजीनगरहून गोळी आणावी लागत असे. गोळी घेतली की ती आम्हाला ओळखत नसे. गोळी नाही घेतली की ओरडत असे. एप्रिलपासून ती गोळी नको म्हणू लागली. शुद्धीत मरू द्या, असे ती म्हणाली.

दिनांक ८ जून रोजी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दाजी माझ्या दुकानी आले. खोलीत मिरचीची रोपे लावायची आहेत, खिडकी नाही, कोणती लाईट लागेल, असे त्यांनी विचारले. राजेश्रीला विरंगुळा होईल, असे मला वाटले. मी धंद्याने लाईटवाला आहे, परंतु झाडाला कोणती लाईट लागते हे मला माहीत नव्हते. मी दोन साध्या एलईडी ट्यूब दिल्या. बारा-पंधरा दिवसांनी दाजींचा फोन आला की रोपे सुतासारखी लांब होऊन आडवी पडत आहेत.

त्यानंतर मी दुकानातील जुना हॅलोजन घेऊन मानवत रोडहून रेल्वेने चुडाव्याला गेलो. घराची मागची खोली म्हणजे राजेश्रीच्या शिकवणीची खोली. भिंतीवर फळा तसाच होता. रंगाच्या पाच बादल्यांत रोपे होती, बोटभर उंचीची. मी ती नीट पाहिली नाही. हॅलोजन लावून मी परत आलो. त्याने खोली भट्टीसारखी तापली व पाने करपली. त्यात माझी चूक होती. मी अंतर फार कमी ठेवले होते.

मग मी फोनवर वाचून शिकलो. कोणती लाईट किती वॅटची, किती उंचीवर, तिचा रंग कसा, हे मी वहीत लिहून काढले. निळ्या-लाल दिव्यांची जांभळी लाईट पार्सलने मागविली व दिनांक २० जुलै रोजी दुपारी ती बसविण्यास गेलो. त्या वेळी रोपे गुडघ्याएवढी झाली होती. मी पाने पाहिली व दाजींना म्हणालो, "दाजी, ही मिरची न्हाई."

दाजी म्हणाले, "न्हाई."

मी म्हणालो, "तुमाला कळायलंय का काय करायलाव ते? नोकरी जाईल तुमची."

पुढच्या खोलीतून राजेश्रीचा आवाज येत होता. दाजी म्हणाले, "दवाखान्यात एकजणानं सांगितलं, यानं दुखणं दबतं म्हणून. खरं का खोटं मला ठाव न्हाई. इकत आणायला कुठं जाऊ, कुणाला इचारू? तुला आयकू येतंय ना नागेश?"

मी स्टुलावर चढलो व लाईट बसविली.

लाईट चालू केल्यावर दाजी राजेश्रीला दाखविण्यासाठी आधार देऊन त्या खोलीत घेऊन आले. तिने स्वतःचे दोन्ही हात उजेडात धरले व म्हणाली, "माझे हात मेलेल्या माणसाचे दिसायलेत रे." ती परत जायचे म्हणू लागली. त्या आठवड्यात जांभळा उजेड दाराच्या फटीतून तिच्या खाटेपर्यंत येत असे. ती तोंडावर पदर घेऊन झोपे, असे दाजींनी मला फोनवर सांगितले. मी दुसरी लाईट बघतो म्हणालो.

दिनांक १० ऑगस्ट रोजी मी पांढऱ्या उजेडाचे मोठे पॅनल बसविले. हे महाग होते, पण उजेड उन्हासारखा होता. त्या दिवशी राजेश्री आपण होऊन म्हणाली, "माझी खाट इथं टाका." मार्चपासून ती अंगणातसुद्धा आली नव्हती, कारण उंबरा ओलांडताना पाठीत कळ येत असे. खाट फळ्याखाली टाकली. तिने उजेडाकडे तोंड केले व डोळे मिटले. मी तासभर तिथे होतो. त्या तासात ती ओरडली नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जात असे. ती त्याच खोलीत असे. झाडे कशाची आहेत हे तिला माहीत होते. ती त्यांना "माझी पाचवीची पोरं" म्हणे. दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनी, ती पांढरी साडी नेसून त्या उजेडात उशीला टेकून बसली होती. मी पाया पडलो. ती म्हणाली, "कसं ऊन पडलंय बघ."

या झाडांचा उपयोग फुलोरा आल्यावरच होतो व फुलोरा येण्यासाठी लाईट रोज अर्धा दिवस पूर्ण बंद ठेवावी लागते, असे दाजींनी सप्टेंबरमध्ये वाचले. त्यांनी टायमर लावून दोन दिवस तसे केले. दोन्ही दिवस अंधार होताच राजेश्री घाबरून हाका मारू लागली. खाट पुढच्या खोलीत न्यायला ती तयार नव्हती. तिसऱ्या दिवसापासून दाजींनी लाईट बंद केली नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर होता, तो मीच बसविला होता. झाडे छातीपर्यंत वाढली. त्यांना फूल आले नाही. त्यातील एक पानही राजेश्रीला दिलेले नाही.

दिनांक १४ ऑक्टोबर रोजी मी चुडाव्यातच होतो. दुपारी एकच्या सुमारास पोलीस व दोन पंच आले. पंचनाम्यात 'गांजाची पाच झाडे, फुलोरा नाही' असे लिहिलेले मी ऐकले. झाडे उपटली. पॅनल, वायर व टायमर मुद्देमाल म्हणून जप्त केला. पॅनल काढताना स्क्रू अडकला होता, तो मी काढून दिला. बहिणीला पुढच्या खोलीत नेता का, असे साहेबांनी विचारले. ती नको म्हणाली. दाजींना सोबत नेले.

पोलीस गेल्यावर मी त्या खोलीत साधा बल्ब लावला. राजेश्री म्हणाली, "दिवस मावळला का रे?"

तेव्हा सव्वादोन वाजले होते. मी हो म्हणालो.

तिने नंतर काही विचारले नाही. जेवण घेतले नाही. दिनांक १७ ऑक्टोबर रोजी सकाळी साडेनऊ वाजता ती मयत झाली. तीन दिवस तिला फार त्रास झाला. त्याबद्दल जास्त सांगता येत नाही.

दाजींना अंत्यविधीसाठी आणले होते. मातीला हात लावून झाल्यावर ते माझ्याजवळ आले व म्हणाले, "मी लाईट बंद ठिवायला पायजे होती का रे? दोन म्हैने रडली असती, पण मग दवा तरी मिळाली असती." त्यांना परत नेण्यात आले.

झाडे कशाची आहेत हे तुला माहीत होते काय, असे मला आज विचारण्यात आले. मी सांगतो की, दिनांक २० जुलैपासून मला माहीत होते. दाजींनी मला फसविलेले नाही. त्यांना लाईटमधले काही कळत नव्हते. प्रत्येक लाईट मी निवडली व मी बसविली. सप्टेंबरमध्ये तिसऱ्या दिवशी दाजींनी मला फोन करून काय करू असे विचारले होते. चालू ठेवा, असे मी म्हणालो होतो. हे दाजींनी आपल्या जबाबात सांगितले नसेल, म्हणून मी सांगत आहे.

माझा हा जबाब मी सांगत गेलो तसा संगणकावर उतरवून घेतला आहे. तो मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखविला. माझ्या सांगण्यात आणि लिहिलेल्यात फरक नाही. तो खरा आहे.