चाळलेलं भजन

मंडळी, सांगा बरं — शंका घेणं पाप की पुण्य? पाप? कशा माना डोलावल्या सगळ्यांनी! थांबा. आधी सगुणाबाई ऐका.

वाघोशीची म्हातारी. हाडाची संशयी! दूध घेताना बोट बुडवून बघायची — आणि देवळात तीर्थ घेतानाही! नवरा शिदोजी भजनात मागच्या रांगेतला टाळकरी. तो गेला. मागे उरली त्याच्या भजनाची एक कॅसेट.

स्पीकरवाल्या चंदूनं ती कॉम्प्युटरवर उतरवली, मग फोनात मावावी म्हणून फाइल बारकी करून सगळ्यांना दिली. पंचांनी ठरवलं — जुनी कॅसेट फाटक्या पोथ्यांबरोबर नदीत विसर्जन! देवाचं नाव आहे तिच्यात, कचऱ्यात कशी टाकायची? टोपली भरली. मंडळी निघाली.

म्हातारी चंदूच्या दारात आडवी! फोनातलं भजन कानाला.

"चंदू, ह्यांचा टाळ कुठाय?"

"वाजतोय की, काकू!"

"वाजतोय रे. पण वाजला की मरतोय. ह्यांचा टाळ मागे रेंगाळायचा. काय काढलंस तू?"

"कानाला ऐकू येत नाही तेवढंच काढलं!"

"कुणाच्या कानाला?"

आता बोला!

"पीठ चाळलंस ना? मग कोंडा दाखव!"

मंडळी, कोंडा चंदूनं तरी कुठं बघितला होता? अख्खा आवाज कॉम्प्युटरात होता, संध्याकाळी पुसायचा होता. त्यातून त्यानं बारक्या फाइलचा आवाज वजा केला. सारखं तेवढं एकमेकांत जिरलं, गाळलेलं उरलं. शब्द नाहीत, पेटी नाही — नुसती खसखस, जोंधळे पाखडावेत तशी!

पंच हसले. "ह्या कचऱ्यासाठी अडवलंत होय?"

"गप ऐका!"

आणि त्या खसखशीत... न्‌न्‌न्‌... ठोका संपल्यावर उरते ती टाळाची आस! बारीक. पुन्हा. पुन्हा!

म्हातारीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "आले," म्हणाली.

कुणी हसलं नाही. चंदूनं टोपलीतून कॅसेट उचलली. "अख्खा आवाज ठेवतो, काकू. पण तुमच्या फोनात मावायचा नाही."

"मग मी येईन तुझ्याकडं. स्टूल ठेव."

मंडळी, बाजारात शंका घेऊन वांगं चार बाजूंनी दाबून बघता. आणि घरी कसं बोलता? "जेवलीस? झोप आता." शब्द सगळे जागेवर! त्यातून काय गाळलंत, ते घरच्या माणसाला विचारा. ते बरोब्बर सांगेल! अहो पुढं बसलेले आप्पा, खाली काय बघताय? चला, आता तरी पुऱ्या गळ्यानं म्हणा — विठ्ठल!