तांडेलांच्या इंजिनाची आंघोळ

स्स्स... खर्रर्र...

ऐकलंत, मंडळी? देवळामागच्या घरातला नळ! सगळा मांडव डोळे मिटून बसलेला, पेटीचा सूरही थांबलेला, आणि नळाने घसा खाकरला. लगेच मागच्या बायांच्या माना वळल्या. वळू द्या, मे महिना आहे. पण तुमच्या या कीर्तनकारबाई? हात जोडलेले, चेहऱ्यावर केवढी समाधी! आणि मनात काय? — घरच्या नळाखाली कळशी लावून आले का मी? देव समोर उभा, आणि बाई कळशीपाशी!

तर अशी बाई आज तुम्हाला विचारतेय: ज्या दिवशी हातून काही वाईट घडलं नाही, त्या दिवशीही मन धुवायचं का? आणि ‘मी रोज धुतो’ म्हणणाऱ्याचं मन स्वच्छ असतंच का?

याचं उत्तर रमाकांत तांडेलाच्या इंजिनात आहे. हसू नका पेटीवाले काका, मलाही पुराणातलं काहीतरी सांगायचं होतं. पण पोरीला झोपवता झोपवता पोथी उघडली, आणि आधी मीच झोपले.

बंदरावरच्या मंडळींना ठाऊक आहे, वरच्या आळीसाठी सांगते. होडीच्या मागे टांगलेलं इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून थंड राहतं. पण किनाऱ्याला आल्यावर ते पाणी आत वाळतं, मीठ धरतं, बारीक वाटा बुजतात. म्हणून परत आलं की इंजिनाचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि थोडा वेळ चालू ठेवायचं. चालू, बरं का! बंद इंजिनावर वरून पाणी ओताल तर नुसता रंग चकाकेल. आमच्यासारखं — कपाळाला बुक्का, आणि आत... जाऊ दे.

रमाकांत यात फार कडक. होडी लागली की इंजिन पिंपात. उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी. वर येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश. उपदेश करणाऱ्या माणसांपासून जपून राहा, मंडळी, मी घरचीच म्हणून सांगते.

त्याची बायको हेमलता. ती त्या इंजिनाला सवत म्हणायची. नळ एक दिवसाआड, हिने केस धुवायचे विहिरीच्या मचूळ पाण्याने, साबणाला फेस नाही — आणि सवतीला मात्र गोड्या पाण्याचं पिंप!

एक दिवस खाडीपलीकडे हेमलताच्या माहेरी बारसं. नवी साडी, मांडीवर चार वर्षांची लेक, होडी निघाली. अर्ध्या वाटेवर इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही. इंजिन तापलं, त्याचा धोक्याचा भोंगा वाजायला लागला. रमाकांतने झटकन बंद केलं आणि वल्ही घेतली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण दुसरं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. हे गेलं की मासेमारी गेली. हेमलता मात्र म्हणाली, सवत रुसली वाटतं. बारसं राहिलं, उन्हातून वल्हवत परत.

किनाऱ्यावर तो एकच घोकत होता, एक दिवस चुकवला नाही, एक दिवस नाही. हेमलताने चिखलाचे हात पिंपात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि ओठांवरून जीभ फिरवून थांबली.

“अहो, हे पाणी बदललं कधी होतं?”

“बदलायचं कशाला? तुझंच पाणी वाचवत होतो. इंजिन रोज धुतोय की त्यात.”

“चाखा.”

त्याने चाखलं. खाडी परवडली! इंजिन रोज आपलं मीठ पिंपात सोडत होतं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत आत घेत होतं.

नळाची पाळी दुसऱ्या दिवशी. रमाकांत म्हणाला, उद्या बघू. हेमलताने पदर खोचला. पिंप आडवं केलं, घासलं, घरात गेली आणि पिण्याचे दोन्ही हंडे आणून त्यात रिकामे केले.

“लावा आता. उद्यापर्यंत मीठ आणखी घट्ट बसेल.”

इंजिन सुरू झालं. धार नाही. मग एक थेंब. मग गढूळ पांढरट काहीतरी, आणि मग सुटली की हो धार! हेमलता तिच्याखाली हात धरून उभी राहिली. सवतीच्या!

आता सांगा, मंडळी. रोज नाम घेतो आपण, पण कुठल्या पाण्यात? कालचाच राग, कालचीच कुरकुर, त्यातच आजची बुडी. मी तरी काय, तीच चाल, तेच विनोद. पिंप बदला! आणि नवं पाणी बाहेरून कुणी आणून देत नाही. ते घरातल्या पिण्याच्या हंड्यातूनच ओतावं लागतं. जड जातं, पण हेमलतासारखं सगळं ओतलं तर—

थांबा हं, आमची लेक पदर ओढतेय. काय गं? कीर्तन चालू आहे ना राणी? बरं, विचार.

“आई, मग त्यांची छोटी त्या दिवशी काय प्यायली?”