पहिली फेरी

(सकाळ. जेवणाच्या टेबलावर मुलीचा लॅपटॉप. शेजारी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाबांची हत्यारांची पिशवी.)

बाबा: म्हणजे आज वर्गात प्रोग्रॅम दाखवायचाच नाही?

मुलगी: नाही. कॉम्प्युटरचा कोर्सच सोडते. बाकीची पोरं कशी धडाधड लिहितात! माझा तो प्रांत नाही, बाबा.

बाबा: पण तुझा चालतो ना?

मुलगी: चाळीस वेळा चालवून पाहिला. नशिबानं चालला असेल.

बाबा: चाळीस वेळा नशीब? एवढं नशीब आपल्या घरात असतं, तर मी लिफ्टना ग्रीस लावत फिरलो असतो होय? दाखव बरं.

मुलगी: तुम्हाला काय कळणार त्यातलं?

बाबा: ओ की ठो नाही. पण या मधल्या ओळी आपल्या भाषेत दिसतायत.

मुलगी: त्या टिपा. मशीन त्या वाचत नाही, पुढच्या माणसासाठी असतात.

बाबा: ‘बहुतेक चुकलंय, सॉरी.’ ‘कुणालाही याहून बरं जमलं असतं.’ अगं, ‘सर, रागावू नका’? किती वेळा माफी मागितलीस?

मुलगी: अकरा.

बाबा: आणि चुका किती?

मुलगी: आता एकही नाही. सतरा होत्या, काढल्या.

बाबा: कुणी?

मुलगी: कुणी म्हणजे? मीच.

बाबा: मग ते का नाही लिहिलंस? लिफ्ट दुरुस्त झाली की मी आतल्या कार्डावर काय लिहितो?

मुलगी: तारीख, काय काय केलं ते, आणि सही.

बाबा: ‘पडली तर सॉरी’ असं लिहिलं तर?

मुलगी: बाबा! कोण पाय ठेवेल तिच्यात?

बाबा: मीसुद्धा नाही ठेवणार. आणि पहिली फेरी तर मलाच मारायची असते, एकट्याला. बत्तीस वर्षं झाली, अजून भीती वाटते. पण बसतो. एकेक नट मी स्वतः आवळलेला असतो ना!

मुलगी: ओळही एकेक मीच लिहिलीय.

बाबा: ते तू सांगायचंस. मला कुठं कळतंय?

मुलगी: थांबा. हे अकराही माफीनामे खोडते.

बाबा: जागा रिकामी नको सोडू हं.

मुलगी: नाही सोडत. ‘सतरा चुका सापडल्या. सतराही काढल्या. चाळीस वेळा चालवून पाहिला.’ आणि खाली नाव. माझं.

बाबा: शाब्बास! माझ्या इतक्या वर्षांच्या कार्डांत असं एक नाही. अभिमान वाटतो गं तुझा. थांब, आईला हाक मारतो, तिलाही वाचून दाखव.

मुलगी: संध्याकाळी दाखवते. आता उशीर होईल.

बाबा: का? तुझा नंबर कितवा?

मुलगी: पहिलं कोण दाखवणार, असं सरांनी काल विचारलं. धडाधड लिहिणाऱ्यांनीसुद्धा हात वर केला नाही.

बाबा: मग?

मुलगी: मग काय, पहिली फेरी मी मारते.