राधाकृष्णच्या नावाची हजेरी

ता. १९ सप्टेंबर १९९६

मी जस्टिन कृपादान साळवे, वय २० वर्षे, धंदा मिळेल ते काम, मूळ रा. अकोले, हल्ली रा. सावेडी, अहमदनगर. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हा जबाब द्यायला मी सोमवारीच यायला पाहिजे होते. दोनदा गेटपर्यंत आलो आणि चहा पिऊन माघारी गेलो. भीती वाटली.

मी दहावी नापास आहे. ट्रकवर क्लीनर होतो, मग शिंगणापूरला तेलाच्या दुकानात लागलो. तिथे घरांना दारे नाहीत, पण आमचा मालक गल्ल्याला कुलूप लावायचा. हवालदारसाहेब म्हणाले, मुद्द्यावर ये.

मला कॉलेजातले शिकवणे ऐकायला आवडते. फी भरणे जमत नाही. आधी खिडकीखाली बसायचो, शिपायाने हाकलले. मग टपरीवर राधाकृष्ण भेटला. त्याचे नाव कॉलेजात होते, पण तो वर्गात कधी जात नसे. हजेरी कमी पडली तर त्याला परीक्षेला बसू देणार नव्हते. तो म्हणाला, माझा नंबर पुकारला की येस सर म्हण आणि बस फुकट. तेव्हापासून मी त्याच्या नावावर बसतो. नुसते गप बसायचे ठरले होते. पण इतिहासाच्या सरांनी प्रश्न विचारला की मला राहवत नसे. सर मला राधाकृष्णच समजतात. कोणाला उत्तर आले नाही की म्हणतात, राधाकृष्ण, तू सांग.

गेल्या गुरुवारी सकाळी सावेडी रोडला भाजी विकणाऱ्या बायडाबाईंना जीपने उडवले. पाय मोडला. त्या सांगतात, जीप राधाकृष्ण चालवत होता. पण त्या वेळी तो वर्गात होता असे सर सांगतात, म्हणून लोक बायडाबाईंना खोटे ठरवतात. त्या वेळी वर्गात मी होतो.

शनिवारी दुपारी राधाकृष्णचे मामा भिमाजी माझ्या खोलीवर आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पोरा, तू वर्गात नव्हताच. राधाकृष्ण हुता. सरांना इचार की."

मी म्हणालो, मी रोज जातो.

"तुला तिथं कोन वळखतं?"

जाताना त्यांनी दार ओढून बाहेरून कडी लावली. घरमालकीण कलाबाईंनी ती संध्याकाळी काढली. तोवर मी हाक मारली नाही.

आत्ता भिमाजी समोरच्या टपरीवर बसलेले आहेत. मी इथून घरी कसे जायचे, हेही लिहा म्हणालो. ते जबाबात येत नाही असे सांगण्यात आले. माझ्यावरच केस होईल का, असे विचारले. हवालदारसाहेबांनी पान उलटले.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच ते उतरले आहे, कोणी सांगून वदवलेले नाही.

सही करण्याआधी वाढवलेला मजकूर: आत्ता इतिहासाचे सर ठाण्यात आले आहेत. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मला बाकावर बसलेले पाहून ते सरळ माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला आणि हवालदारसाहेबांसमोर म्हणाले, "राधाकृष्ण, घाबरू नकोस. तू वर्गात होतास, मी सांगतो यांना."