इंजिनाची साथ

लोणावळ्याला विजेची गाडी यायच्या आधीची गोष्ट सांगतो. स्टेशनाजवळ तंबू ठोकून एक नाटक मंडळी आली होती. दुपारच्या खेळाला मी आमच्या कुरवंडे गावातल्या शेजारच्या आबांना घेऊन गेलो. त्यांचं हे पहिलंच संगीत नाटक.

नायिकेचं काम करणाऱ्या नटाने पद असं रंगवलं म्हणता! तान वर चढली आणि नेमकी तेव्हाच इंजिनाने लांबलचक शिट्टी फुंकली. पेटीवाल्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं पद! पण त्या पठ्ठ्याने शिट्टीचाच सूर पकडला. शिट्टी थांबली, तरी तो सूर तंबूत तसाच!

"वन्समोअर!" सगळा तंबू ओरडला.

नटाने पदर सावरून हात जोडले. "गाईन हो, पण माझा साथीदार घाट उतरून गेला."

"मंग दुसरी गाडी येऊ द्या," आबा म्हणाले. "आमी हितंच बसतो."

सगळे हसले, नाटक पुढे गेलं. शेवटी नायिकेच्या मांडीवर राजा प्राण सोडत होता, तोच बाहेर शिट्टी झाली. आबा ताडकन उठले.

"राजे, जरा दमानं मरा! आधी बाईस्नी गाऊ द्या!"

राजा निमूट उठून बसला.